तोंडाला तांब्याची चव

मार्च संपत आलेला. अमळनेरच्या जिनिंगमध्ये
हंगामाच्या शेवटच्या गाड्या,
आणि झुलाल वंजी कोळीची उजव्या हाताची दोन बोटं
कापसासोबत आत गेलेली.
वजन एक्कावन्न किलो. पोटात नुकतीच खाल्लेली भाकर आणि ठेचा,
म्हणून पूर्ण झोपवायचं नाही, फक्त हात.
गळ्याच्या हाडावर, नसांच्या जुडीपाशी सुई.

ओढून पाहिलं होतं मी. रक्त आलं नव्हतं.
पाच मिली, थांबले. पाच मिली, थांबले.
हे मी अजूनही स्वतःला सांगते.

नसेला मिठाची दारं असतात.
मीठ आत शिरलं की दुखण्याचा निरोप पुढच्या घरी जातो.
आमचं औषध त्या दारांना आतून कडी घालतं;
हात गप्प होतो, सर्जन शिवत राहतो.
पण तशीच दारं हृदयालाही आहेत,
आणि हृदय मिठाला जागणारं.
मीठ आत आलं की मगच ते ठोका देतं.
औषध रक्तात सुटलं तर त्याला कोण सांगणार
कडी कुठल्या घराची होती?
एखादं औषध चटकन दार सोडतं.
हे सोडत नाही,
दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात
उंबऱ्यावरच बसून राहतं.

"ताई, मन्हा तोंडमा तांबानी चव यी ऱ्हायनी."

मी सुई बाहेर घेतली.

"कानमा जिनिंग चाली ऱ्हायनी."
जिनिंग दुपारपासून बंद होतं. त्याच्याचसाठी बंद केलेलं.

मग ओठ थरथरले, डोळे वर गेले,
आणि पडद्यावर
गव्हाच्या कुसळासारखी बारीक होती ती रेघ
ज्वारीच्या कणसाएवढी रुंद झाली.
मनगटात नाडी नाही.
गळ्यात होती, मग तिथेही नाही.
अर्शदने छातीवर हात ठेवले आणि मोजायला लागला,
मोठ्याने, शाळेतल्या पाढ्यासारखं.

भूल या शब्दाला चूक असाही अर्थ आहे.
लग्नात दिराने चेष्टा केली होती,
वहिनी भूल देतात, पण करत नाहीत ना?
सगळे हसले होते. मीही.

कपाटात एक बाटली होती.
सोयाबीनच्या तेलाचं, दुधासारखं पांढरं.
दोन वर्षं घेतली, दोन वर्षं मुदत संपून फेकली.
डॉक्टर बोरसे दर वेळी बिल बघून म्हणायचे,
मॅडम, ही पूजेला ठेवता का?
फेगडे सिस्टर मे महिन्यात तिला
पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची.
चव्वेचाळीस डिग्रीत दुसरी जागा कुठली?

पंचाहत्तर मिली, भराभर. मग धार चालू.
औषधाला तेलाची ओढ असते.
पाण्यासारख्या रक्तात फिरून दमलेलं ते
तेलाकडे वळतं, उंबरा सोडतं.
असं पुस्तक म्हणतं.
मी पुस्तक नव्हते आठवत,
मी अर्शदचे आकडे ऐकत होते.

किती वेळ, ते कागदावर लिहिलंय. अकरा मिनिटं.
मला तीन-चार आठवतात, किंवा पूर्ण रात्र.
एक रुंद ठोका. मोठी खिंड. अजून एक.
मग कणीस हळूहळू बारीक होत गेलं.

संध्याकाळी बायको आली, रंजना.
तिने बाटलीकडे पाहून विचारलं, "नसमाईन दूध पाजं का?"
मी हो म्हटलं. खरंच, काय सांगणार होते?
तो जागा होता. हृदय उठलेलं,
हात मात्र अजून झोपलेलाच,
ठरल्याप्रमाणे, रात्री दहापर्यंत.
डाव्या हाताने त्याने पट्टी बांधलेला उजवा उचलला,
वजन करून बघितलं,
जसा कुणी बाजारात भोपळा बघतो,
आणि विचारलं,
"हाऊ कोना हात शे?"

नवी बाटली मागवली आहे.
तारीख सिस्टरने माठावरच्या भिंतीवर
खडूने लिहिली.
हल्ली मी प्रत्येकाशी बोलत राहते,
गाव कुठलं, पेरलंय काय, पोरं किती,
आणि मध्येच, सहज विचारल्यासारखं:
तोंडाला चव कशी येतेय?